राबाला सांगायचं राहिलं

आधीच सांगते, मी केमिस्ट्री शिकवते. ओतूरला, कॉलेजात. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली तर त्याला बाहेर काढणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझी पीएचडी मॅग्नेशियमवर आहे. हा धातू हायड्रोजन पोटात साठवतो, पण घेतो फार रडतखडत. त्यात कोळशाची पूड दळून मिसळली की पटापट घेतो. बाकीचे कार्बन विकत आणतात. मी आमच्या गावाहून, मढहून आणायचे, आमच्या राबातला कोळसा. भाताचं बी टाकायच्या आधी शेताच्या एका तुकड्यावर ऐनाच्या फांद्या, पाला, शेण पसरून वर माती टाकून भाजतात, तो राब. वडील होते तोवर रिझल्ट असे यायचे की माझे गाईड सर खूश!

वडील गेले. पुढच्या उन्हाळ्यात भावानं राब भाजला. तोच तुकडा, त्याच झाडांच्या फांद्या. पण पुण्याच्या लॅबमध्ये तो कोळसा ढिम्म! मशीन तपासलं, ओलावा तपासला, कणांचा आकार तपासला — सगळं वडिलांच्या कोळशासारखंच. रडू आलं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांची मेहनत होती.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "त्यानं राबाला सांगितलंच नाय. तुजा बा पेटवायच्या आदी वाकून जिमिनीला म्हनायचा — चटका बसंल बाय, सोस."

"आई, काहीतरीच काय!"

"मंग तुजं मशीन काय म्हंतंय?"

शेताच्या कोपऱ्यात दोन छोटे राब रचले, एकाच ढिगातल्या फांद्यांचे. भर दुपारी आई एकापाशी वाकली, जमिनीशी बोलली. दुसऱ्यापाशी गप्प राहिली. लॅबमधल्या मैत्रिणीनं पिशव्यांवर नुसते नंबर टाकले. कुठली पिशवी कुठल्या राबाची ते मलाही ठाऊक नव्हतं. टेस्ट झाल्यावरच तिनं यादी दाखवली. जिथं आई बोलली तो कोळसा... चालला. दुसरा ढिम्म. तीनदा टेस्ट केली, तिन्हीदा तेच.

सर म्हणाले, "ही रीडिंग्ज काढून टाका. कमिटी हसेल, डिग्री अडकेल."

अडकू दे! कारण मला माहीत नाही, आणि 'बापाचा आत्मा' म्हणणाऱ्या गावकऱ्यांनाही माहीत नाही. पण जे झालं ते झालंच नाही, असं मी लिहिणार नाही. कोळसा कसा बनवला हे थिसिसमध्ये क्रमानं लिहावं लागतं. फांद्या रचल्या. पाला-शेण पसरलं. माती टाकली. चौथी ओळ आहे : 'पेटवण्यापूर्वी जमिनीला सांगितले.'

सरांनी ती दोनदा खोडली. मी तिसऱ्यांदा टाइप केलीय.