रोजचे साठ ठोके

लालबर्राजवळच्या एका गावात पुष्पलताबाईंनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. आज मिशा पिळत फिरणारे कितीतरी गडी एके काळी त्यांच्या वजनकाट्याच्या झोळीत लोंबकळून रडलेले आहेत. दर महिन्याला लेकराचं वजन करायचं, कार्डावर ठिपका द्यायचा आणि तो मागच्या ठिपक्याला रेघेनं जोडायचा. रेघ चढती असली की बाई खूश. ती आडवी झाली की त्या आईला बाजूला घेत. आई म्हणे, वजन कमी कुठं झालं, मागच्याएवढंच तर आहे. बाईंचं उत्तर ठरलेलं असे.

"तेवढंच राह्यलं, हेच वाईट आहे. आकडा हलत नाही म्हणून निजू नोको."

दोनेक महिन्यांत लेकरू सुकलेलं दिसायचं. गावाला दिसायच्या आधी बाईंना दिसतं, असा त्यांचा लौकिक होता आणि त्यांना त्याचा थोडा गर्वही होता.

निवृत्तीनंतर त्या बालाघाटला आल्या. यजमान प्रेमलालभाऊ भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले. अंगानं दणकट, बोलायला आळशी. चार वर्षांपूर्वी ते भाजीबाजारात चक्कर येऊन पडले. हृदयाचे ठोके तिसावर आले होते. नागपूरला नेऊन पेसमेकर बसवला आणि महिन्याभरात भाऊ पुन्हा सायकलवर. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की यांचे जवळजवळ सगळे ठोके आता मशीनच देणार. अशा काही पेशंटचं हृदय पुढे थकत जातं. कोणाचं थकेल ते छातीठोक सांगता येत नाही, पण यांचा धोका जरा जास्त दिसतो. त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

दोनदा गेले, दोन्हीदा ठीक निघालं. मग भाऊ अडून बसले, काहीच होत नाही तं काहून जायचं? बाईंनाही ते पटलं, कारण त्यांच्याजवळ घरचा पुरावा होता. रोज सकाळी चहाआधी त्या भाऊंचं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळावर मिनिटभर ठोके मोजत आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहीत. साठ. दुसऱ्या दिवशीही साठ. दिवाळीला साठ, होळीला साठ. त्या चौकटी बघून त्यांना निश्चिंत झोप लागायची.

यंदा पोळा झाल्यावर भाऊंनी सायकल सोडली. चेन खराब आहे म्हणाले. मग उशाला एकाच्या दोन उशा आल्या. एका सकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला दिसला. बाईंनी घोटा बोटानं दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी घाबरून मनगट धरलं. साठच.

नागपूरला इको झाला. हृदयाची ताकद निम्म्यावर आली होती. बाईंनी पिशवीतून कॅलेंडरची पानं काढून टेबलावर मांडली आणि विचारलं, आकडा एकदाही घसरला नाही, मग असं कसं झालं?

"तो आकडा आम्हीच मशीनमध्ये लावून दिलाय," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हृदय कितीही थकलं, तरी बसल्या जागी साठच येणार."

बाईंनी पानं गोळा करून पिशवीत कोंबली. त्यांना स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"एकतीस वर्षं बायांले सांगत आली, निजू नोका म्हणून," त्या म्हणाल्या. "अन् मीच निजली."

मशीनला आणखी एक तार जोडली गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्यानं बऱ्याच जणांचं हृदय सावरतं. लवकर आला असतात तर आशा जास्त होती. आता औषधं, मीठ कमी आणि रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय समजायचं आणि लगेच फोन करायचा.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी भाऊंनी सवयीनं मनगट पुढे केलं. बाईंनी ते हातात धरलं, पण मोजलं नाही. ट्रंकेतून अंगणवाडीचं उरलेलं एक कोरं कार्ड काढलं. वर लाल पेनानं पुढच्या इकोची तारीख लिहिली. लेकरांसाठी छापलेले किलोचे आकडे खोडून मोठे आकडे घातले. मग भाऊंना नव्या काट्यावर उभं केलं आणि पहिला ठिपका दिला.

ज्या आडव्या रेघेला त्या एकतीस वर्षं भ्यायल्या, ती या कार्डावर तरी आडवीच राहू दे, असं त्यांनी देवाजवळ मागितलं.