विद्युल्लताबाईंचा डावा पाय

देवासच्या त्या आळीत असं म्हणतात, की उमाशंकरपंतांनी जन्मात दोघांचंच ऐकलं: कारखान्यातल्या साहेबाचं आणि फियाटचं. साहेब कधीच बदलून गेला. फियाट राहिली. बायकोचा, विद्युल्लताबाईंचा नंबर तिसरा, आणि तोही अडतीस वर्षं वेटिंगमध्ये.

फियाट वडलांच्या वेळची, हँडलजवळ गियर असलेली. निवृत्त झाल्यावर पंत तिच्या इंजिनात जे शिरले ते जेवायलाच बाहेर यायचे. सिलिंडर बोअर केले, कार्बोरेटर मोठा बसवला, आणखी काय काय केलं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी इंजिन इतकं तगडं झालं की जुना क्लच त्याला पुरेना. टॉप गियरला टाकली की क्लच घसरायचा. इंजिन गर्जायचं आणि गाडी मात्र कचेरीतल्या फायलीसारखी सरकायची. नवा क्लच घालणं आलं, आणि त्याच्या पाठीला असतं ते लोखंडी चाक, फ्लायव्हील, तेही निवडणं आलं.

नेमक्या त्याच महिन्यात इंदूरच्या डॉक्टरांनी पंतांना काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, बाजूचं नाही. गाडी चालवणं बंद. पंतांनी घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत घालतात तसला क्लच मागवला. जोडीला निम्म्या वजनाचं फ्लायव्हील. बंदी आलेल्या माणसानं शर्यतीचं सामान का मागवावं, यावर आळीत चार मतं होती. बाईंचं पाचवं, आणि ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या एवढंच म्हणाल्या, की गाडी आता त्या चालवणार.

बाईंचा शिवणाचा वर्ग. पायानं चालवायच्या मशीनवर अर्ध्या देवासचे ब्लाउज त्यांनी शिवले. मागल्या वर्षी भाचीच्या, स्वानंदीच्या छोट्या गाडीवर शिकून अठ्ठावन्नाव्या वर्षी गुपचूप लायसन्सही काढलं. एकच हौस होती: धारला माहेरी आपल्या हातानं गाडी नेऊन उभी करायची. पंतांचं म्हणणं, जमलं तर ठीक. नाहीतर इंदूरचा एक हौशी माणूस गाडी विकता का म्हणून दोनदा विचारून गेलाच होता. त्याला ती दिवाणखान्यात, काचेआड ठेवायची होती.

शर्यतीचा क्लच आणि हलकं फ्लायव्हील बसलं आणि बाई पहिल्यांदा पुलाच्या चढावर अडकल्या. पुढे ट्रॅक्टर थांबला म्हणून थांबल्या. निघताना पाय उचलला तर क्लचनं एकदम पकडलं, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चार वेळा. मागून हॉर्न वाजायला लागले. एक भिया, म्हणजे इकडचा भैया, खिडकीशी येऊन अदबीनं विचारून गेला, "आंटी, धक्का दें क्या?" संध्याकाळी गुडघा पपनसाएवढा सुजला. पंत लेप लावत हळूच म्हणाले, राहू दे आता, इंदूरला फोन करतो.

बाई दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा घेऊन गॅरेजात गेल्या. तोच काटा, ज्यावर पंत दर रविवारी दोन किलो कमी सांगत. तो पेडलवर आडवा धरून पायानं दाबला: बावीस किलो. मग स्वानंदीच्या गाडीचा दाबला: नऊ. आकडे पाटीवर लिहून त्या गणोजींच्या लेथच्या दुकानात गेल्या. गणोजी पंतांचे कारखान्यातले जुने सोबती, कान जरा जड, हात मात्र सोन्याचे. पंत मागोमाग आलेच.

गणोजींनी पाटी वाचली, चष्मा वर केला आणि पंतांना विचारलं, "भिया, गाडी चलाएगा कौन? इंजिन कितीचं आहे ते नको सांगूस. पाय कुणाचा आहे ते सांग."

पंतांनी बाईंकडे पाहिलं. म्हणाले, "हिचा."

डॉक्टरांचं म्हणणं पंतांनी पहिल्यांदा मान्य केलं ते असं.

मग बाईंनी मशीनचा दाखला दिला. वर्गात हलक्या चाकाचं एक नवं मशीन आणलं होतं. ते पळायचं छान, पण चार पदरी शिवण आली की सुई अडायची. त्यांच्या जुन्या मशीनचं खालचं जड चाक एकदा फिरलं की सुईला जाड कापडातून पार ओढून नेतं. इंजिनाचंही तसंच असणार. हलकं चाक चढावर धीर सोडतं.

पंत पुटपुटले, की हलक्या चाकानं इंजिन कसं झटकन उडतं.

"अहो, उडायचंय कुणाला? मला धारला जायचंय."

गणोजींनी तोड काढली. स्प्रिंग कडक करायची नाही, क्लचची प्लेट मोठी करायची: थाळी मोठी की पकड मोठी, आणि पाय हलका. प्लेट साध्या अस्तराची, मध्ये धक्का सोसणाऱ्या स्प्रिंगांची, म्हणजे एकदम न धरता हळूहळू धरणारी. फ्लायव्हील जुनंच, जड. मोठ्या प्लेटीसाठी नवी भोकं पाडून नीट तोललेलं. पंतांचं तोंड इतकं उतरलं की बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, कडेनं अर्धा किलो कमी करा, तेवढं यांचं. पेडल आलं बारा किलोवर.

दसऱ्यानंतर दोघं निघाले. इंदूरपलीकडचं बेटमा गेलं, पुढे एका चढावर सोयाबीन भरलेली ट्रॉली आडवी आली, मुंगीच्या चालीनं. पंत सीटवर दोन्ही मुठी आवळून डावीउजवीकडे मान फिरवत होते.

"तुम्ही समोरचं सांगा," बाई म्हणाल्या. "बाजूचं मी बघते."

पंत समोरचं सांगत राहिले: थांबली... हलली... परत थांबली. बाईंचा डावा पाय मशीनवर बसल्यासारखा, एक एक टाका मोजत वर येत होता. गाडीनं ना उडी मारली, ना दम टाकला. चढ संपला आणि ट्रॉली बाजूला झाली, तेव्हा पंतांनी मुठी सोडल्या आणि विचारलं, की धारच्या पुढे कुक्षीपर्यंत रस्ता कसा आहे म्हणतात.

बाईंनी टॉप टाकला. क्लच घसरला नाही.