खोट सांगा, मग हात धुवा

जेवण झालेल्या माणसाच्या वाटेत ते पाण्याचा तांब्या धरून उभे राहायचे. "खोट सांगा, मंग हात धुवा." खोट सांगितल्याशिवाय तांब्या वाकडा होत नसे. मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या कुणालाही विचारा, उष्ट्या हाताने तिथे ताटकळलेला एक तरी माणूस सापडेल.

मी त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तक्रारी ऐकायचा पगार घेते आणि ऐकत मात्र नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत. हा माणूस स्वतःच्या खर्चाने जेवू घालून वर तक्रारी मागायचा. याचं डोकं फिरलंय, असंच मला वाटायचं.

आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. मूळचे नेपाळच्या डोंगरातले. हायवेचं काम चाललं होतं तेव्हा ठेकेदाराच्या कॅम्पावर स्वयंपाकी म्हणून आले. काम संपलं, कॅम्प उठला, ट्रक निघाला, तेव्हा यांची डाळ चुलीवर होती. अर्धी शिजलेली कशी सोडायची, म्हणून थांबले. ते तीस वर्षं थांबले. आधी हातगाडी, मग हायवेवर हॉटेल, मग लग्नाच्या ऑर्डरी. त्यांच्या शेवभाजीसाठी ट्रकवाले नांदुऱ्यात भूक लागली तरी मलकापूरपर्यंत कळ काढायचे. हॉटेलचा जम बसल्यावर त्यांनी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना दुपारचं फुकट जेवण सुरू केलं. वरण, भात, पोळी, एक भाजी.

हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला मात्र ते कधी खोट विचारत नसत. असं का, म्हणून मी विचारलं. "पैशेवाला आपसूक बोलते, मॅडम. फुकटवाल्याचं तोंड आपल्यालेच उघडा लागते."

लोक शिकले. मिरची जास्त, पोळी चामट. एका मास्तरांनी तर वरणाच्या रंगावर दहा मिनिटं घेतली, मागे रांग खोळंबलेली. उस्ताद कान देऊन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी सुधारून आणायचे.

मग पिंपळगाव राजाची एक आजी आली. नवऱ्याचा पाय मोडलेला. म्हातारा आत खाटेवर, ही जेवायला शेडमध्ये. पहिल्याच दिवशी उस्तादांनी तांब्या धरला तर हिने हात जोडले. फुकटाच्या अन्नाला खोट काढली तर पाप लागतं म्हणाली, "ब्येस हाय" म्हणाली, आणि पदराला हात पुसून चालती झाली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला तरी तेच.

आठव्या दिवशी उस्तादांनी भाजीत मीठच घातलं नाही. शेडभर ओरड झाली, आतून वॉर्डबॉय भांडायला आला. आजीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. ब्येस हाय.

तेव्हा उस्ताद तिच्यासमोर खाली बसले. मी डबा घेऊन तिथेच होते. त्यांनी ओठ वर करून अर्धा तुटलेला दात दाखवला. लहानपणी आई गेल्यावर ते गावातल्या एका मोठ्या घराच्या ओसरीवर जेवायचे. एकदा भातात खडा आला आणि दात तुटला. मालकीण समोरच उभी होती. त्यांनी खडा, दात, भात सगळं गिळलं आणि छान झालंय म्हणाले.

"मी गिळलं, आई. तुमी नका गिळू."

आजी रडली. डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाली, ब्येस हाय.

म्हाताऱ्याला डिस्चार्ज मिळाला, दोघं गावी गेली. उस्ताद माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "ते बाई भेऊन जेवली, मॅडम. माह्या घरी भेऊन जेवली." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घेता? पण त्यांनी ते घेतलंच.

दोन महिन्यांनी उस्ताद गेले. सकाळी कणीक मळताना छातीत कळ आली, आमच्याच दवाखान्यात आणलं. केसपेपर मी फाडला. नाव लिहिलं, वय लिहिलं. नातेवाइकाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तेव्हा माझंच नाव लिहिलं.

तेराव्या दिवशी तेरवी शेडमध्येच केली. वांग्याची भाजी माझ्याकडे होती. तेरवीच्या जेवणाला कोणी नावं ठेवत नाही. मान खाली घालून जेवायचं आणि उठायचं. तसंच चाललं होतं. तांब्या माझ्या हातात होता आणि मी न विचारताच पाणी घालत होते. ते विचारायचं माझ्याने होईना.

आजी त्याच सकाळी म्हाताऱ्याचा पाय दाखवायला आली होती. उस्ताद गेल्याचं खिडकीवर मीच तिला सांगितलं. ती पंगतीला बसली, जेवली, उठली. मी तांब्या वाकडा केला तर तिने उष्टा हात मागे घेतला.

"भाजीत मीठ कमी हाय," ती म्हणाली, शेडभर ऐकू जाईल असं. सगळ्यांचे हात ताटात थांबले. "अन् वांगे कच्चे हायेत. आता घाल पाणी."

माझ्या भाजीला कोणी नाव ठेवलं तर मी आजवर ऐकून घेतलेलं नाही, घरी विचारा. त्या दिवशी डोळे भरून आले, समोरचं दिसेना. हो आजी, म्हटलं, चुकलंच माझं. आणि तिच्या हातावर पाणी घातलं.

तिच्या मागचा माणूस हात पुढे करता करता थांबला. जरा विचार केला, घसा खाकरला.

"भात गिचका झाला, मॅडम."

मी त्यालाही पाणी घातलं.