चाकाखालचा गोटा

आमगावहून सालेकशाच्या पुढं, कचारगडच्या वाटेवर एक शाळा आहे. तिथं मी लिपिक आहे. त्या शाळेत जायला मी अकरा वर्षं एकच काळी-पिवळी जीप वापरली आणि ती जीप माझ्यामुळे गेली. तिच्यावर पोट असलेल्या माणसाचा धंदाही त्याबरोबर गेला. हे कुठल्याच कागदावर नाही, कारण तो कागद मीच लिहिला होता.

आधी गाडीबद्दल सांगतो. ती गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला आणि तिच्यात बसणाऱ्याला, दोघांनाही दंड व्हायला हवा, असं मी पहिल्याच आठवड्यात मोठ्यानं म्हणालो होतो. कुणी लक्ष दिलं नाही. पायाखालचा पत्रा सडलेला, खाली बघितलं की रस्ता पळताना दिसायचा. डावीकडचा दरवाजा नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. हॉर्न सोडून सगळं वाजतं, ही थट्टा प्रत्येक नवा प्रवासी आपल्याला आत्ताच सुचली अशा थाटात करायचा, आणि माझं डोकं फिरायचं. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसवलेला असायचा, त्यामुळे तो बिचारा स्वतःच्याच गाडीत तिरका बसून गाडी चालवायचा.

पण खरी गंमत स्टार्टरची आणि हँडब्रेकची. स्टार्टर केव्हाच मेला होता. म्हणून गाडी थांबवायची ती उतारावर, म्हणजे निघताना नुसती सोडली की घरंगळत सुरू व्हायची. आता उतारावर उभी करायची तर हँडब्रेक हवा, आणि तोही मेलेला. गिअरमध्ये टाकून ठेवावी तर गिअर आपोआप निसटायचा. यावर उपाय एकच. मागच्या बाकाखाली एक काळा, नारळाएवढा गोटा ठेवलेला असायचा. गाडी थांबली की मागच्या दाराशी बसलेल्यानं उतरायचं, मागच्या चाकापुढं गोटा लावायचा आणि ओरडून सांगायचं, "लावला." तोवर ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून बसलेला. निघताना गोटा काढायचा, आत टाकायचा आणि चालत्या गाडीत चढायचं.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं मला आरशातून बघून म्हटलं, "बाबूजी, तुमी दाराजवर बसले ना, गोटा लावा जी." माझा तिळपापड झाला. मी काय गोटे लावायला भरती झालो होतो? मी हललो नाही. दुसराच कुणी उतरला. तिसऱ्या दिवशी मात्र कुणी उठेना, म्हणून मी उतरलो, आणि मग रोजच उतरायला लागलो. महिनाभरानं एक शिकलासवरलेला मास्तर माझ्या जागेवर बसला, तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. शेवटी त्याला पुढं पाठवलं.

असं का, ते सरळच सांगतो. मी एकटा माणूस. लग्न केलं नाही, म्हणजे वेळेवर जमलं नाही आणि नंतर कुणी विषय काढला नाही. मूळ गावी, मुर्रीला, भावांचं घर आहे. वर्षातून दोनदा जातो, जेवतो, परत येतो. आमगावला स्टेशनपलीकडं एक खोली आहे, तिच्यात एक खुर्ची. शाळेत माझ्या टेबलाशी माणसं येतात ती दाखल्यासाठी आणि पगारबिलासाठी, आणि काम झालं की टेबलाला पाठ करतात. सालेकशाला रेल्वेही जाते, पण तिच्या वेळा माझ्या शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो. एक गाडी जुळायची. मी तिनं गेलो नाही.

कारण रेल्वेत मला कुणी "बाबूजी, गोटा!" म्हणून हाक मारली नसती.

सुरुवातीची काही वर्षं मी "लावला" म्हटल्याशिवाय ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. पुढं पुढं त्यानं वाट बघणं सोडलं. मी उतरल्याचा आवाज आला की त्याला पुरे. तो पाय उचलायचा आणि विडी शोधायला लागायचा. माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी कधी टाकला नव्हता. कचारगडच्या जत्रेत तर मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकायचो. छत्तीसगडकडून, मध्य प्रदेशकडून आलेली गोंड माणसं हातात झेंडे घेऊन टपापर्यंत बसलेली असायची, गाडीच्या दिवसाला दहा-बारा फेऱ्या व्हायच्या, आणि प्रत्येक थांब्यावर गोटा लावायला मी. कुणी काही विचारलं तर मी "आमची गाडी" म्हणायचो. एकदा ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

जत्रा आटोपल्यावर दोनेक आठवड्यांनी ते झालं. सकाळची फेरी होती. रेडिएटर रोजच तापायचा, त्यामुळे एका उतारावर, बोरिंगच्या हातपंपाजवळ, गाडी रोज थांबायची. ड्रायव्हर कॅन घेऊन पाणी आणायला जायचा आणि पुरुष मंडळी पाय मोकळे करायची. गाडीत राहायची ती फक्त एक डोकरी. ती वाटेतल्या एका गावाहून शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, विकायला घेऊन यायची. म्हातारपणानं तिचे गुडघे धरलेले होते, आणि उतरून पुन्हा चढण्यापेक्षा ती मागच्या बाकावर फड्यांच्या भाऱ्याला टेकून बसून राहायची.

मी खाली उतरलो. पाय जमिनीला लागला आणि खिशातला फोन वाजला.

माझा फोन वाजत नाही. आठवड्यात एखादा, तोही शाळेतून. नंबर अनोळखी होता. मला वाटलं भाऊ असेल, नवीन नंबरवरून. कशावरून असं वाटलं कोण जाणे. मी चार पावलं पुढं गेलो, कान झाकला आणि "हॅलो" म्हटलं. एक बाई म्हणाली, "नमस्कार! आपके लिए एक खास खबर है." मी म्हटलं, "हां, बोलिए." ती कुठल्याशा कर्जाबद्दल सांगत राहिली. तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे हे मला दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं. तरी मी ऐकत राहिलो. आवाज गोड होता, आणि तिनं मला आधी नमस्कार केला होता.

गोटा बाकाखालीच होता.

मागं वळलो तेव्हा गिअर निसटून गाडी चालायला लागली होती. अगदी सावकाश. इतकी सावकाश की मला क्षणभर वाटलं, ड्रायव्हर आत आहे. पण ड्रायव्हर बोरिंगवर होता. त्यानं कॅन फेकला आणि धावला, दरवाज्याची दोरी पकडली आणि गाडीबरोबर फरफटत गेला. गाडी रस्ता सोडून शेताच्या बांधीत उतरली, उन्हाळी धानाच्या चिखलात, आणि एका कुशीवर कलंडली. डोकरीचा आवाज आला नाही. तिचा आवाज येईना म्हणूनच मी घाबरलो.

तिचा उजवा हात मोडला होता, मनगटाच्या वर. ड्रायव्हरनं तिला उचलून बाहेर काढलं. त्याचे स्वतःचे गुडघे सोलून निघाले होते. मागून आलेल्या एका पिकअपमधून तिला दवाखान्यात नेलं. फडे चिखलात पसरले होते, ते मी गोळा करत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

दुपारी ठाण्यातून एक शिपाई आला. त्यानं गाडी बघितली, कागद मागितले. फिटनेसचं प्रमाणपत्र कधीचं संपलेलं. विमा नव्हताच. शिपाई पंचनामा लिहायला बसला, पेन झटकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "बाबू, तुमचा अक्षर चांगला राहते. मी सांगतो, तुमी लिहा." मी लिहिलं. अकरा वर्षांत शाळेचा एकही कागद माझ्या हातून चुकला नाही, तसाच हाही चुकला नाही. उतारावर उभे असलेले वाहन हँडब्रेक नादुरुस्त असल्याने पुढे सरकले, असं मी लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. गोट्याबद्दल शिपायानं विचारलं नाही. त्याला गोट्याचं माहीतही नव्हतं. मी खाली पंच म्हणून सही केली आणि कागद ड्रायव्हरपुढं धरला. त्यानं न वाचताच सही केली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पेन परत केलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

गाडी ठाण्याच्या मागच्या आवारात जाऊन पडली ती पडलीच. दुसऱ्या दिवशी मी त्या बांधीत गेलो होतो. बाकाखालून निसटलेला गोटा चिखलात अर्धा रुतलेला सापडला. घरी आणून धुतला. खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला लावून ठेवला. रोज रात्री दार लावताना तो पायानं सरकवायचो आणि रोज ठरवायचो की येत्या रविवारी जाऊन ड्रायव्हरला सांगायचं. रविवार आला की मी कपडे धुवायला काढायचो.

आता बसनं जातो. बस चांगली आहे. खिडक्या लागतात, दरवाजा लागतो, ब्रेक लागतो. कंडक्टर तिकीट देतो आणि पुढं जातो. जीपमधली माणसं पांगली. कुणी स्वतःची मोटारसायकल घेतली, कुणी रेल्वेनं जातं. एक-दोघं बसमध्ये दिसतात, मान हलवतात आणि फोनमध्ये बघतात. मीही मान हलवतो.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, एका रविवारी शेवटी गेलो. गोटा ऑफिसच्या पिशवीत घेतला. ड्रायव्हरचं गाव रस्त्यापासून आत आहे. पिशवीनं खांदा दुखायला लागला. वाटेत म्हणायची वाक्यं जुळवत होतो. तो शिव्या देईल, अशी तयारी होती. खरं सांगायचं तर शिव्या हव्याच होत्या.

तो आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर त्याच्या अंगणाबाहेर उतरत्या जागेवर उभा होता. त्यानं खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी चहाची वाट न बघता पिशवीतून गोटा काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, "त्या दिवशी मी गोटा लावलो नवतो."

"मालूम हाय जी," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तवापासूनच. गोटा लावला रायता, तं गाडी गेली असती का?"

"मंग बोलले काऊन नाही? शिपायासमोर काऊन नाही सांगतले?"

"का सांगू जी? गाडी मायी, बिरेक माया, फिटनेस मी नाही केलो. सवारीले मंधात कायले आनू?" मग म्हणाला, "डोकरीचा हात बरा हाय आता. जराक वाकडा जुडला. मी जाऊन येतो अधीमधी."

"मी का सवारी होतो, नुसता बसून जाणारा?" मी म्हटलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा चढला. "अकरा वर्षं गोटा लावून राहिलो मी."

त्यानं माझ्याकडं खरोखरच न समजून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती.

"तं मंग कोन होते जी तुमी?"

चहा आला. आम्ही धानाबद्दल बोललो, यंदा पाऊस उशिरा थांबला त्याबद्दल बोललो. त्यानं मला माफ केलं होतं असंही म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबी माफ करण्यासारखं काही मी केलंच नव्हतं.

निघताना त्यानं गोटा उचलला, हातात तोलून बघितला. "कामाचा हाय. याचेबी बिरेक नाही," म्हणून ट्रॅक्टरकडं निघाला. मी झटकन उठलो, हात पुढं केला.

"बसा जी, बाबूजी," तो म्हणाला. "तुमी कायले उठता?"

तो वाकला आणि त्यानं गोटा स्वतःच चाकापुढं लावला. मी खाटेवर बसलो.