तीन रांजण आणि माझी एकादशी

आमच्या घरात दारू कोणी पीत नव्हतं. ती फक्त तयार होत होती. (मामंजींना हे वाक्य आवडलं नसतं. ते म्हणायचे, "दारू न्हाई, आसव!") माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर गिचमिड, आणि वेलांटी पहिली की दुसरी ते मी आजही अंदाजानंच ठरवते. पण एकटीनं मनात किती दिवस हसायचं, म्हणून लिहिते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

निजामाचं राज्य होतं. माझे सासरे वसमतला वैद्य होते. जांभळाचं, डाळिंबाचं आणि निवडुंगाच्या बोंडांचं अशी तीन आसवं ते करायचे. फळं, गूळ आणि आंबवायला धायटीची फुलं रांजणात घालायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि वाट पाहत बसायचं. तिन्हींचा रंग सारखाच लालभडक. कोणत्या रांजणात काय आहे ते कळायला बाहेरून चुन्याचे टिळे: जांभळाला एक, डाळिंबाला दोन, निवडुंगाला तीन.

त्या श्रावणात हिंगोलीचे एक बडे शेठ माल पाहायला यायचे होते. माल पसंत पडला तर ते सगळाच्या सगळा उचलणार होते. नाही तर मामंजींना आसवांचा नाद सोडून देशमुखांच्या कचेरीत कारकुनी धरावी लागणार होती. आपणही घराला हातभार लावावा म्हणून मी पहाटे उठले आणि तिन्ही रांजण गेरूनं छान रंगवून काढले. टिळ्यांसकट!

मामंजी आले आणि तिन्ही रांजणांभोवती फिरून टिळे शोधू लागले.

"टिळे कुठं गेले?"

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मामंजींशी मी सरळ कधी बोलले नव्हते. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. "गेरूखाली आहेत म्हणते," सासूबाईंनी निरोप पोचवला.

"आता वो? शेठ येऊन राहिले!"

"वास घेऊन बघा की."

"नाक चोंदून राहिलंय, दिसत न्हाई का?" (वैद्यांना आठ दिवसांची सर्दी होती!)

"मग चाखा."

"आज एकादशी! माझी निर्जळी."

"माझी पण." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझी एकादशी फराळाची होती.

"फळं, गूळ अन् फुलं," मामंजी बोटांवर मोजत म्हणाले. "धान्याचा कण न्हाई. उपासाला बराबर चालतं!"

खुद्द वैद्यांनीच सांगितल्यावर मी काय बोलणार? (तसंही मी बोलतच नव्हते.)

शेठच्या मालाला उष्टं तोंड लागू नये म्हणून सासूबाईंनी तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. घोट केवढा ते त्यांच्या हातात, गिळणं माझ्याकडे! आणि उपासाचं थुंकायचं नाही, असा त्यांचा नेम.

पहिलं तुरट लागलं. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "जांभूळ." दुसऱ्यानं जिभेला कुसळ टोचलं. "निवडुंग!" तिसरं चाखलं. "हे पण जांभूळच."

"असं कसं होईल? पुन्हा पी!" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत तिन्ही डाळिंबं निघाली. तिसऱ्या फेरीनंतर मी मान वर केली.

"मामंजी, तुमी आधी हलायचं थांबा. मग सांगते."

"अगं बाई!" सासूबाईंच्या हातातला तांब्या पडला. "बोलली!"

तेवढ्यात शेठ दारात. मी डोक्यावरच्या पदराशिवाय थेट ओसरीवर!

"या शेठ, बसा! वाटेत तकलीफ न्हाई ना झाली? माल विचारता? एकाची चव भिजलेल्या घोंगडीसारखी. एकात काटे आहेत. अन् एक इतकं झकास आहे म्हणून सांगू! पण कोणतं ते विचारू नका, रांजण जागा बदलून राहिलेत. अन् मामंजी, तुमी त्या सर्दीसाठी एखादा चांगला वैद्य बघा!"

मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. कचेरीतली कारकुनी त्यांना समोरच दिसत असावी.

"वैद्यबुवा, ये कौन?" शेठनी विचारलं.

"सून आहे. कधी बोलत न्हाई हो! चार वर्षांत माझ्याशी एक शब्द न्हाई."

"और आज?"

"आज... जरा चाखलं तिनं."

शेठ माझ्याकडे वळले. मी त्यांना, मिशी एका बाजूनं जास्त झाली आहे, हे समजावून सांगत होते. एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली. "चार साल नहीं बोली, और आज चुप नहीं होती! इतना असर? तिन्ही रांजण मी घेतो. वेगळी नावं कशाला पाहिजेत? एकत्रच करा. चिठ्ठीवर 'शक्तिवर्धक' लिहितो!"

मला दुसऱ्या दिवशी उतरली, तोवर गोष्ट गावभर झाली होती. शेठचा माल गेला, मामंजींनी नवे तीन रांजण भरले. सासवा पुढच्या दारानं यायच्या. "कोणतं हो ते आसव? म्हंजे आमच्या घरात येऊ द्यायला नको." सुना मागच्या दारानं वाटी घेऊन यायच्या. "ताई, त्यातलंच द्या बरं का!" दोघींनाही मी खाली मान घालून, पदराआडून, एकच खरं उत्तर द्यायची: नक्की कोणतं ते सांगायला मला पुन्हा एकदा चाखून बघावं लागेल!