न बोलणारा नायक आणि बोलणारे मामा

मला बोलणारे नायक आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद नको. कॉम्प्युटरवरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एका माणसाच्या अंगात शिरतो आणि त्याच्या गोष्टीत पन्नास-साठ तास घालवतो. या गेममध्ये दोन जातीचे नायक असतात. एकाला आवाज असतो. तो घोगऱ्या आवाजात धमक्या देतो, विनोद मारतो, मेलेल्या मित्रापाशी बसून रडतो. दुसरा काहीच बोलत नाही. वाटेत भेटलेला गावकरी त्याला विचारतो, ‘कोण रे तू?’ आणि पडद्यावर खाली तीन-चार उत्तरं येतात. त्यातलं एक आपण निवडायचं. ते कुणी तोंडानं म्हणत नाही, तरी गावकऱ्याला कळतं आणि गोष्ट पुढं सरकते.

यावरून इंटरनेटवर पोरं हमरीतुमरीवर येतात. न बोलणारा नायक म्हणजे नुसता ठोकळा, असं एका बाजूचं म्हणणं. मी दुसऱ्या बाजूनं पानंच्या पानं लिहिलीयत. लिहून भांडायला मी वाघ आहे. पण खरं कारण मी तिथंही कधी लिहिलं नाही. मी अडखळतो. थोडंथोडकं नाही. माझ्या नावाचं पहिलंच अक्षर माझा वैरी आहे. ते म्हणायला ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, मान ताठ होते, डोळे घट्ट मिटतात. समोरचा आधी हसतो, मग घाबरतो, आणि मग माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं.

शाळेत हजेरी घेताना माझा नंबर जवळ यायला लागला की मी पाणी प्यायचं निमित्त काढून बाहेर पळायचो. आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग करतो, तिथं दिवसभर कॉम्प्युटरशी गाठ असते, पण फोन वाजला की अजूनही तसाच पळतो. भीतीची सवय होते असं लोक म्हणतात. मला तरी झालेली नाही. म्हणून घरी आल्यावर तो न बोलणारा योद्धा मला बरा वाटायचा. तो कधी अडखळला नाही, कारण तो कधी बोललाच नाही.

एकदा बोलणाऱ्या नायकाचा गेम घेऊन बघितला होता. नायकाच्या हातून एका म्हातारीचं घर चुकून जळतं, असा प्रसंग होता. मी ‘माफी माग’ हा पर्याय निवडला. तर माझा नायक त्या म्हातारीला म्हणाला, की युद्धात घरं जळतातच, रडत बसू नकोस. हे मी कधी म्हणालो? मी इतका चिडलो की गेम तिथंच बंद केला. माझ्या तोंडून दुसराच कुणी बोलतोय आणि शिव्या मला बसणार, हे मला सहनच झालं नाही.

आता मामांबद्दल. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. तेव्हापासून पुंडलिकनगरच्या आमच्या घरात आई आणि मी, दोघंच. पण आमच्या घराचं बोलणं मात्र सोयगावहून मामा येऊन करतात. मामा कापसाचे व्यापारी. बोलण्यावरच त्यांचं पोट. गेल्या वर्षी माझ्यासाठी करमाडचं स्थळ आलं, तेव्हा मामा आदल्या दिवशीच येऊन बसले आणि त्यांनी मला समोर बसवून बजावलं, “तू निसती मान हलवायची. बाकीचं माझ्याकडं. पोरीवाल्यांना आधीच घाबरवून सोडायचं नाय.”

“पण नंतर कळेलच की,” आई म्हणाली.

“नंतर कळू दे ना. एकदा लगीन झालं की बाई नवऱ्याला सांभाळून घेते. कुणाच्या घरी काय नसतं, ताई?”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मान हलवली. आमच्याकडं बघायच्या कार्यक्रमात मोठ्यांनीच बोलायचं असतं. मुलगा खाली मान घालून पोहे खातो आणि त्यालाच संस्कार म्हणतात. माझ्यासारख्याला याहून चांगली लपायची जागा कुठली मिळणार?

मुलीच्या घरी कार्यक्रमात मामा रंगात आले. मुलीचे वडील करमाडला शेती करतात. सावकाश बोलणारे, डोक्याला टोपी, नजर सरळ. त्यांनी मला विचारलं, “गावाकडं येणं-जाणं असतं का?” मी मान हलवली. मामा लगेच म्हणाले, “येणं-जाणं? अहो, त्याला शेतीची लई हौस! म्हणतो, दहा वर्सं नोकरी करीन अन् मग गावाकडंच येऊन ऱ्हाईन.” मी आयुष्यात असं म्हटलेलं नाही. मला बैलाचीसुद्धा भीती वाटते. पण मी पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिलो. “पोरगा कमी बोलतो,” मामा म्हणाले, “पण बोलला की मोजकं अन् कामाचं.” मुलीचे वडील खूश झाले. कमी बोलणारा जावई कुणाला नको असतो?

मग कुणीतरी म्हणालं, जरा मुलामुलीलाही बोलू द्या. तिच्या घराच्या गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. ती शहरात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, हे मामांकडून कळलं होतं. तिनं मला विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? ‘गेम खेळतो’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी तोंड उघडलं, आतून काही आलं नाही, आणि मी खोकल्याचं नाटक केलं. मग ती मला हो-नाहीचे प्रश्न विचारत गेली आणि मी मान हलवत गेलो. तिला वाटलं, मी लाजतोय. ती हसली. ते हसू मला आवडलं, म्हणून तर भीती दुप्पट झाली.

होकार आला. सुपारी फोडायची तारीख तीन आठवड्यांनंतरची ठरली. मामांनी पेढे वाटले. आम्ही दोघं मेसेज करायला लागलो, आणि लिहिण्यात मी कसा आहे ते वर सांगितलंच आहे. ती हसायची, खोटं खोटं भांडायची, तिच्याकडं आलेल्या घाबरट माणसांच्या गमती सांगायची. मात्र तिचा फोन आला की मी तो बंद करायचो आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ असं पाठवायचो. शेवटी तिनं लिहिलं, ‘रविवारी पण मीटिंग असते का? निदान आवाजाचा मेसेज तरी पाठवा एक.’

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. आई दुपारी शेजारी हळदी-कुंकवाला गेली होती. मी दार लावून घेतलं आणि मोबाईलवर तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोललो: ‘तुमच्याशी बोलायला मला आवडतं, पण फोनवर जरा लाजतो.’ कधी पहिला शब्द सुटा निघायचा, कधी तिसरा. मग ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, चांगले निघालेले शब्द कापले आणि एकापुढं एक जोडले. मधले श्वाससुद्धा नीट बसवले. दोन तास लागले. पुरं झाल्यावर मी ते ऐकलं. आवाज माझाच होता आणि तो माणूस अजिबात अडखळत नव्हता. मी पाठवून दिलं.

तिचं उत्तर आलं, ‘किती छान आवाज आहे. असं मोकळं बोलायचं ना!’

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. आतापर्यंत खोटं मामांचं होतं, मी फक्त पोहे खाल्ले होते. हे खोटं मात्र मी माझ्या हातानं केलं होतं. लग्न झाल्यावर ती माझ्यासमोर बसेल, काहीतरी विचारेल, आणि मी डोळे मिटून थरथरत उभा राहीन, तेव्हा ती त्या मेसेजमधल्या माणसाला शोधेल. तो कुठून आणू? ड्रॉइंग करताना चुका व्हायला लागल्या. सुपारीला सहा दिवस राहिले होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती, की एका मुलीला मी फसवून घरात आणतोय.

शनिवारी दुपारी मी तिच्या लॅबबाहेर जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आली, मला बघून चकित झाली, आणि आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. मी बोललो. म्हणजे प्रयत्न केला. ‘मला बोलता येत नाही नीट’ एवढ्या वाक्याला किती वेळ गेला कुणास ठाऊक, रस काढणारा चरक थांबवून बघत राहिला. तिनं मात्र मध्ये शब्द पुरवला नाही आणि मानही फिरवली नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “मग तो मेसेज?”

“जो... जो... जोडला.”

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही, चिडली. “म्हणजे गच्चीवर तुम्ही मान हलवत होतात. घरात मामा बोलत होते. अन् मोबाईलवर कॉम्प्युटर. मग मी होकार दिला तो कुणाला दिला? मामांना का?”

माझ्या तोंडून दुसरा कुणी बोलला म्हणून मी एक गेम बंद केला होता, आणि इथं खऱ्या आयुष्यात तेच तिच्यावर लादत होतो. हे तिला सांगावंसं वाटलं, पण एवढं लांब वाक्य मला झेपलं नसतं.

“मला तुमच्या अडखळण्याचं काही नाही,” ती उठता उठता म्हणाली. “रोज थरथरणारी माणसंच बघते मी. लग्नाचं मी नंतर ठरवीन. आधी माझ्या वडलांना सांगायचं. तुम्ही. मामांना आणायचं नाही, अन् लिहून तर द्यायचंच नाही.”

आधी तिच्या वडलांना फोन करून बघितला. ते उचलून “हॅलो, हॅलो” म्हणत राहिले, माझे ओठ उघडेनात, आणि ‘रेंज नाय वाटतं’ असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. फोनवर माझं अडखळणं दिसत नाही, नुसती शांतताच जाते. तेव्हा रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, “मामाला काय सांगू?” मी खांदे उडवले आणि किक मारली. जालना रोडवर दोनदा गाडी बाजूला घेतली. सगळं मोडणार, हे मला ठाऊक होतं. ती गेली तर मामा म्हणणार, बघ, मी सांगितलं नव्हतं? आणि मामांचं खरं ठरणार.

तिचे वडील ओट्यावर बसून दोरी वळत होते. मला एकट्याला बघून ते उठले. “या या. मामा नाय आले?”

मी मान हलवली. मग बोलायला लागलो. नावापासूनच सुरुवात केली, का कोण जाणे, आणि नावावरच अडकलो. ओठ मिटले, मान ताठ झाली, डोळे मिटले. डोळे मिटलेले असताना समोरचा काय करतोय ते मला कधीच कळत नाही, आणि सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते. ते हसले नाहीत. मी कसंबसं पुढं गेलो: असंच आहे, लहानपणापासून आहे, मामांनी लपवलं, मीही लपवलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातातली दोरी तशीच होती आणि ते माझ्याकडंच बघत होते.

“हे पोरीला ठाव हाय?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“तिनंच धाडलं तुमाला?”

मी पुन्हा मान हलवली.

“मान हलवू नका,” ते म्हणाले. आवाजात राग होता का, हे मला कळेना. “मान लई बघितली तुमची त्या दिवशी. तोंडानं बोला. पयल्यापासून सांगा, समदं.”

त्यांनी दोरी बाजूला ठेवली, मला ओट्यावर जागा करून दिली आणि घराकडं तोंड करून हाक मारली.

“चहा टाका गं. पाव्हण्याला वेळ लागणार हाय.”

माझी भीती काही कमी झाली नव्हती. मी ओट्यावर बसलो आणि पुन्हा माझ्या नावापासून सुरुवात केली.