जवळ्याचं पुडकं

केबिन रोडवर सुक्या जवळ्याचा वास आला की आजही माझे पाय अडतात, आणि मी मुंबईच्या त्या नावाजलेल्या कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन पोचते.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या मुर्धा गावाहून बाबा मला मुलाखतीला घेऊन गेले होते. ते मिठागरावर मजुरी करायचे. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाती जायचं नाही, ही आमच्याकडची रीत; म्हणून धुतलेल्या फडक्यात जवळा बांधून घेतला होता. बाकावरची माणसं नाकाला रुमाल लावून एकेक करून सरकली. बाबांना वाटलं, आपल्याला जागा करून दिली. ते ऐसपैस बसले.

आत सरांनी इंग्रजीत विचारलं, सुट्टीत कुठे जातेस? मी म्हटलं, मिठागरावर. ते हसले. अगदी मायेनं म्हणाले, "मार्क उत्तम आहेत, पण तुला घराजवळचंच कॉलेज बरं पडेल."

बाबांनी सरांसाठी आत पाठवलेलं पुडकं शिपायानं न सोडताच परत दिलं. घरी येताना बाबा एवढंच बोलले, "जवला नेला, तिथंच चुकलो. पापलेट न्यायला पायजे व्हता."

पुढे माझ्या मुलीला तिथेच प्रवेश मिळाला. ती सुट्टीत सिमल्याला जाऊन आलेली, भांडायचीसुद्धा इंग्रजीत. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. बातमी ऐकून त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"या टायमाला पापलेट नेलास ना?"

मी हो म्हटलं.